मौना लोआवरील हवेची वही

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हवाई बेटांचा जो समूह आहे, त्यांतील सर्वांत मोठ्या बेटावर हिलो नांवाचें पावसाळी बंदर आहे. तेथून पश्चिमेस निघणारा रस्ता प्रथम नेच्यांच्या हिरव्यागार रानांतून जातो. परंतु जसजसें वर चढावें तसतशी झाडी विरळ होत जाते आणि अखेरीस थिजलेल्या काळ्या लाव्हारसाखेरीज दृष्टीस कांहीं पडत नाहीं. उजवीकडे मौना केआ, डावीकडे मौना लोआ. मौना लोआ म्हणजे ‘लांब पर्वत’. नांव यथार्थ आहे. एखादी प्रचंड ढाल जमिनीवर पालथी घालावी, तसा तो पसरलेला दिसतो.

या पर्वताच्या उत्तर अंगावर, सुमारे ११,१०० फूट उंचीवर, कांहीं बसक्या इमारती आहेत. प्रवाशानें मुद्दाम पाहावें असें त्यांत कांहीं नाहीं. परंतु मार्च १९५८ मध्यें चार्लस डेव्हिड कीलिंग या शास्त्रज्ञानें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायूचें प्रमाण येथें मोजून ठेवण्यास प्रारंभ केला, आणि पृथ्वीच्या वाढत्या उष्म्याचा हिशेब कोठेंहि निघाला तरी या वहीचें नांव आल्यावांचून राहत नाहीं. जागा निवडली ती मोठ्या विचारानें. चहूंकडे अथांग समुद्र. जवळ ना कारखाना ना अरण्य. ज्वालामुखीच्या भेगांतून निघणारा वायु कधीं यंत्रापर्यंत येतो खरा, पण त्यामुळें आंकडा एकदम उसळतो आणि तेवढ्या नोंदी ओळखून वगळतां येतात.

पहिली नोंद हवेच्या दहा लाख भागांत ३१३ भागांची होती. पुढें एक मौज दिसून आली. आंकडा मे महिन्यांत सर्वांत वर, तर सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत खालीं! उत्तर गोलार्धांतील वनस्पति उन्हाळ्यांत हा वायु शोषून घेतात व पानगळीनंतर तो पुन्हां हवेंत जातो. पृथ्वीचा हा श्वासोच्छ्वासच कागदावर उमटला होता. दुसरी गोष्ट मात्र मौजेची नव्हती. प्रत्येक वर्षाचा श्वास आदल्या वर्षाहून वरच्या पायरीवर सुरू होत होता. १९६० नंतरच्या दशकांत ही वाढ वर्षास एका भागाहूनहि कमी होती. गेल्या दशकांत ती अडीचच्या आसपास गेली. मे २०२५ ची सरासरी ४३० च्या वर होती. २००५ सालीं कीलिंग वारले. पुढें त्यांचे चिरंजीव राल्फ यांनीं हें काम चालविलें. पिढीजात दप्तर राखणाऱ्या घराण्यांना याचें मोल सांगावयास नको.

उपाय होत नाहींत असें नाहीं. याच बेटांच्या राज्यानें २०१५ सालीं कायदा करून २०४५ पर्यंत सर्व वीज सूर्य, वारा, भूगर्भांतील उष्णता इत्यादिकांपासून घेण्याचें ठरविलें. सप्टेंबर २०२२ मध्यें ओआहू बेटावरील, राज्यांतला शेवटचा, कोळशाचा वीजकारखाना बंद झाला. तथापि बरीचशी वीज अद्याप जहाजांनीं आणलेल्या खनिज तेलावरच निघते, आणि कारखाना बंद झाला त्या वर्षींहि वहींतली रेघ चढतच राहिली. तींत एकट्या बेटाचें पुण्य दिसत नाहीं. साऱ्या जगाची बेरीज दिसते. म्हणूनच मला ती परिषदांच्या ठरावांहून अधिक विश्वासार्ह वाटते.

ही वही राखणेंहि सोपें नाहीं. १९६४ सालीं पैशाअभावीं नोंद कांहीं काळ तुटली. २०२५ सालीं अमेरिकन सरकारच्या अंदाजपत्रकी प्रस्तावांत अशा प्रयोगशाळांचा खर्चच काढून टाकण्याची सूचना होती. आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें तर, ३८ वर्षांनीं, खुद्द पर्वतच जागा झाला! लाव्हारसानें वर जाणारा रस्ता गिळला, विजेच्या तारा तोडल्या. थोड्याच दिवसांत समोरच्या मौना केआवर यंत्र बसवून मोजणी पुन्हां सुरू करण्यांत आली. मार्च २०२३ पासून जुन्या जागींहि ती अंशतः चालू झाली, तीहि सूर्यप्रकाशापासून घेतलेल्या विजेवर.