आडाच्या काठावरच्या खाचा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रीसमधल्या मिकोनोस बेटाच्या जुन्या बंदरातून सकाळची पहिली बोट पकडली. अर्ध्या तासात डेलोस. उतरताना जो तो पाण्याच्या बाटल्या चाचपत होता. माझ्या पिशवीत दोन होत्या. बेटावर सावलीला उभं राहावं असं झाड जवळजवळ नाहीच. ग्रॅनाइटचे खडक, वाळून पिवळं पडलेलं गवत आणि नजर जाईल तिथवर संगमरवराचे तुकडे. उन्हाळ्यात या समुद्रावर मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. त्या वाऱ्यामुळे ऊन अंगाला कळत नाही आणि माणूस तिथंच फसतो. अकरापर्यंत माझे ओठ सुकून गेले होते.

ग्रीक देव अपोलो याचा जन्म इथला. त्याची आई लेटो हिनं खजुराच्या झाडाला मिठी मारून कळा सोसल्या, अशी कथा आहे. पुढं अथेन्सनं इ.स.पू. ४२६ च्या हिवाळ्यात बेटाची शुद्धी केली, जुनी थडगी उकरून हलवली आणि यापुढं इथं कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही, असा नियम घातला. दिवस भरलेल्या बायकांना आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्यांना शेजारच्या रेनिया बेटावर नेत. बाळंतपणामुळे पवित्र झालेली जागा, आणि तिथंच बाईला बाळंत व्हायची बंदी! हे मला अजूनही पचत नाही.

सगळे दगडी सिंहांकडे निघाले होते, मीही गेले. नॅक्सोस बेटाच्या लोकांनी अर्पण केलेले हे सिंह अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. आता उघड्यावर आहेत त्या प्रतिकृती, मूळचे संग्रहालयात. पवित्र तळ्याकडे तोंड करून ते बसलेत आणि तळं कोरडं आहे. हिवतापाच्या भीतीनं १९२० च्या दशकात त्यातलं पाणी काढून टाकलं. मधोमध एक खजुराचं झाड तेवढं लावलंय, लेटोची आठवण म्हणून. त्या कोरड्या वाटोळ्याकडे बघता बघता मनात आलं, या लोकांनी पाणी आणलं तरी कुठून?

बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब, सव्वा किलोमीटर रुंद. इ.स.पू. १६६ मध्ये रोमनं इथलं बंदर करमुक्त केलं आणि इटली, सीरिया, इजिप्त कुठकुठचे व्यापारी इथं येऊन राहिले. भरभराटीच्या काळात पंचवीस-तीस हजार माणसं असावीत, असा अंदाज आहे. एवढ्यांची तहान, स्वयंपाक, आंघोळी, धुणी!

पुढचे तीन तास मी देवळं सोडून पाणीच शोधत फिरले. आधी सापडलं मिनोई नावाचं पाणवठ्याचं ठिकाण. पायऱ्या खाली उतरत जातात आणि तळाशी पाणी. आपली छोटी बारवच. इथं धुणं धुवायचं नाही, पोहायचं नाही, घाण टाकायची नाही, अशी ताकीद तेव्हा दगडावर कोरली होती. वाचून बरं वाटलं. पाण्याची काळजी करणारं कुणीतरी होतं.

मग नाट्यगृहाकडे चढत जाणाऱ्या गल्ल्या. दोन्ही बाजूंना घरं, आणि घर म्हणजे थेट आपला चौसोपी वाडा: मध्ये चौक, भोवती खांब, खांबांमागं खोल्या. डायोनायससच्या घरात चौकाच्या फरशीवर इवल्या इवल्या रंगीत दगडांचं चित्र आहे, पंख असलेला स्वार वाघावर बसलाय. लोक दोरीपलीकडून ते चित्र बघतात आणि जातात. पण ती फरशी म्हणजे टाक्याचं झाकण. छपरांवरचं पावसाचं पाणी चौकात उतरायचं आणि खालच्या टाक्यात साठायचं. नाट्यगृहाचंही तेच. पायऱ्यांवर पडलेला पाऊस वाहून शेजारच्या मोठ्या टाक्यात जाई. त्या टाक्यावरच्या दगडी कमानी अजून उभ्या आहेत, आणि ऐन जुलैत कमानींखाली हिरवट पाणी होतं. मी बराच वेळ बसून राहिले तिथं.

त्याच वाटेवर क्लिओपात्राचं घर. ही इजिप्तची राणी नव्हे, अथेन्सहून आलेली घरंदाज बाई. नवरा डायोस्कुरिडिस. त्यानं अपोलोच्या देवळाला चांदीच्या दोन तिवया दिल्या, म्हणून तिनं त्याचा पुतळा उभारला, शेजारी स्वतःचा. दोघांची डोकी आज नाहीत, पण नावं खालच्या दगडावर शाबूत आहेत.

त्याच चढावर, नावाची पाटी नसलेल्या एका घरात मला आड दिसला. काठ एकाच संगमरवरी दगडाचा, गुडघ्याच्या वर येईल एवढा. वाकून बघितलं तर आतल्या कडेला खाचा. काही बोटभर खोल. दोर घासून घासून दगड काचलेला. मी सात मोजल्या.

बार्शीजवळ आजीच्या वाड्यात अशाच खाचा होत्या. आजी पहाटे पाणी शेंदायची, आणि पोहरा ठरलेल्या खाचेतूनच वर यायचा. दोर दुसरीकडे गेला की तिच्या हाताला कळायचं. बाहत्तरच्या दुष्काळात तो आड आटला, तेव्हा काठावर बसून ती रडली होती, असं आई सांगते. डेलोसच्या त्या काठाशी मला आजीच्या तळहातावरचे घट्टे आठवले.

पण इथला दोर कुणी ओढला असेल? घरधनिणीनं नक्कीच नाही. डेलोस ही गुलामांची मोठी बाजारपेठ होती. एका दिवसात दहा हजार माणसं इथं उतरवून विकून पुढं रवाना करता येत, असं स्ट्राबो या भूगोलकारानं लिहून ठेवलंय. त्यांतलीच काही या घरांत राहिली असणार. कुणाच्या तरी गावाहून उचलून आणलेली एखादी पोर रोज पहाटे इथं उभी राहत असेल. तिचं नाव कुठल्याच दगडावर नाही. इ.स.पू. ८८ मध्ये रोमशी लढणाऱ्या मिथ्रिडेटिस राजाच्या सैन्यानं बेट लुटलं, ६९ मध्ये चाच्यांनी. त्यानंतर डेलोस पुन्हा उभं राहिलं नाही. खाचा मात्र राहिल्या, आणि मला तरी त्या सिंहांहून मोठ्या वाटतात.

कधी डेलोसला गेलात तर सिंह बघा, देवळंही बघा. पण नाट्यगृहाच्या वाटेवर घाई करू नका. चौकात आड दिसला की काठाशी वाका, आणि आतल्या कडेवरून नजर फिरवा.