गॅटविकचें स्टेशन आणि गाड्यांची वही

स्थळांच्या नांवांत त्यांचा पूर्वेतिहास पुष्कळदां दडलेला असतो. लंडनच्या दक्षिणेस सुमारें ४३ किलोमीटरांवर गॅटविक येथें प्रचंड विमानतळ आहे. त्या नांवाचा अर्थ जुन्या इंग्रजींत 'शेळ्यांची वाडी' असा होतो. त्यांतील 'विक' हा भाग लॅटिन 'विकुस'वरून आलेला असून आपल्या संस्कृतांतील 'विश्' आणि 'वेश्मन्' या शब्दांचा तो दूरचा भाऊबंद आहे. संस्कृत शिकविण्यांत ज्याची हयात गेली, त्याला परक्या मुलखांत असा आप्त भेटल्यावर काय वाटतें, हें वाचकांस सांगावयास नको. ज्या भूमीवर शेळ्या चरत, तेथें पुढें घोडे धांवले आणि मग विमानें उतरलीं. या सर्व स्थित्यंतरांत एक वस्तु मात्र जागची हलली नाहीं. ती म्हणजे लंडनहून ब्रायटनला जाणारा लोहमार्ग.

हा मार्ग १८४१ सालीं ब्रायटनपर्यंत पुरा झाला. त्याला लागून १८९१ सालीं घोड्यांच्या शर्यतींचें मैदान झालें आणि प्रेक्षकांच्या सोयीसाठीं तेथें स्टेशन बांधण्यांत आलें. पहिल्या महायुद्धांत लिव्हरपूलजवळचें मैदान लष्कराकडे गेल्यामुळें 'ग्रँड नॅशनल'च्या जागीं होणारी शर्यत १९१६ ते १९१८ अशीं तीन वर्षें निराळ्या नांवानें येथेंच झाली. १९३० सालीं शेजारच्या कुरणांत लहानसा विमानतळ आला. तो पुढें मॉरिस जॅकमन नांवाच्या तरुण वैमानिकानें विकत घेतला. विमानांना चारी बाजूंनीं उभें राहतां यावें, म्हणून त्यानें उतारूंसाठीं वर्तुळाकार इमारत उभारविली. लोक तिला 'बीहाइव्ह', म्हणजे मधमाश्यांचें घर, असें म्हणूं लागले. इमारतींतून विमानाच्या दारापर्यंत रुळांवरून पुढें सरकणारे झांकलेले मार्ग केले होते. उतारूच्या अंगावर पावसाचा थेंबहि पडूं नये, हा हेतु.

परंतु जॅकमनची खरी दूरदृष्टि दिसते ती स्टेशनाच्या बाबतींत. विमान कितीहि वेगानें गेलें, तरी शहरापासून विमानापर्यंत पोंचण्यांत अर्धा दिवस गेला, तर त्या वेगाचा उपयोग काय? म्हणून रेल्वे कंपनीशीं बोलणें करून टिन्स्ली ग्रीन येथें नवें स्टेशन बांधविण्यांत आलें. तें सप्टेंबर १९३५ मध्यें उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं त्यास 'गॅटविक एअरपोर्ट' हें नांव मिळालें. स्टेशनापासून गोल इमारतीपर्यंत भुयार होतें. मे १९३६ मध्यें पॅरिसचें विमान सुरू झालें, तेव्हां त्याच्या भाड्यांतच लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनापासूनचें आगगाडीचें भाडें धरलेलें असे. ती गोल इमारत आजहि उभी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानें मोठीं झालीं आणि जुनी जागा अपुरी पडली. १९५६ ते १९५८ या काळांत विमानतळ नव्यानें बांधला गेला, आणि स्टेशन उत्तरेस शर्यतींच्या जुन्या स्टेशनाच्या जागीं आलें. अशा रीतीनें घोड्यांचें स्टेशन विमानांचें झालें! जून १९५८ मध्यें राणी एलिझाबेथ यांनीं उद्घाटन केलें. विमान, आगगाडी आणि मोटार या तिघांना एका ठिकाणीं आणणाऱ्या पहिल्या कांहीं विमानतळांत याची गणना होते. १९८४ सालीं व्हिक्टोरियाहून अर्ध्या तासांत येणारी 'गॅटविक एक्सप्रेस' सुरू झाली. २०२३ सालीं स्टेशनाची नवी प्रशस्त इमारत पुरी झाली, आणि आज तेथें सात फलाट आहेत.

अशा स्टेशनावर बहुतेक माणसें गाडी पाहतच नाहींत. त्यांचे डोळे घड्याळावर, सामानावर आणि पाट्यांवर खिळलेले असतात. परंतु फलाटाच्या टोकाला, गर्दीपासून दूर, एखादा म्हातारा किंवा पोरगा हातांत वही घेऊन शांतपणें उभा असलेला दिसतो. आलेल्या प्रत्येक गाडीचा क्रमांक तो टिपून घेतो. या छंदाचा आणि या मार्गाचा संबंध मोठा मौजेचा आहे. ज्या सदर्न रेल्वेचा हा मार्ग होता, तिच्याच कचेरींत इयन ॲलन नांवाचा तरुण कारकून होता. एंजिनांविषयीं चौकशी करणारीं लोकांचीं पत्रें त्याच्याकडे येत. या माहितीची एक पुस्तिका काढावी, असें त्यानें सुचविलें; वरिष्ठांस तें पसंत पडलें नाहीं. तेव्हां ऐन युद्धांत, १९४२ सालीं, त्यानें ती स्वतःच छापली. ती हातोहात खपली, आणि पुढें इंग्लंडमधील मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या अशा पुस्तिका खिशांत घालून स्टेशनांवर उभ्या राहिल्या.

माझा मुलगा नोकरीनिमित्त त्या बाजूस राहतो, आणि माझा अकरा वर्षांचा नातू या टिपणकारांपैकीं एक आहे. सूनबाईंस हा छंद अगदीं नापसंत. "मामंजी, आंकडे लिहून पोटांत कांहीं पडतें का? त्यापेक्षां त्याला चार श्लोक तरी शिकवा," असें त्यांनीं मला सांगितलें. आक्षेप वाजवी होता. मुलगा मराठी समजे, परंतु उत्तर इंग्रजींत देई. घरांत आजोबा आले, तरी त्यांच्याशीं बोलावें काय, हा त्याला प्रश्नच होता, आणि खरें सांगायचें, तर मलाहि होता. श्लोक म्हणावयास बसविलें, तर तो जांभया देऊं लागे. शेवटीं मीं म्हटलें, "चल, तुझ्या गाड्या दाखव."

तेथें गुरु तो झाला. दोन रुळांच्या बाजूस असलेला तिसरा रूळ त्यानें मला दाखविला. १९३२-३३ सालीं या मार्गावर वीज आली, ती या रुळांतून. आज तिचा दाब ७५० व्होल्ट असतो. लंडनच्या पोटांतून पलीकडे बेडफर्डला जाणारी गाडी मध्येंच हा रूळ सोडून डोक्यावरच्या तारेंतून २५,००० व्होल्टांची वीज घेते. रेडिंगला जाणारी गाडी मात्र डिझेलवर चालते. कारण तिच्या वाटेंत कांहीं ठिकाणीं तिसरा रूळच नाहीं. क्रमांकाचे सहा आंकडे असतात. पहिले तीन गाडीची जात सांगतात, पुढचे तीन त्या जातींतील व्यक्ति. ३८७ म्हणजे लाल रंगाची एक्सप्रेस. ७०० नंतर शून्य आलें, तर डबे आठ. एक आलें, तर बारा. नैयायिकांच्या जाति-व्यक्तीची चर्चा मीं वर्षानुवर्षें केली; तिचें इतकें सुबोध उदाहरण मला पूर्वीं सुचलें नव्हतें.

मीं एकच अट घातली. क्रमांक इंग्रजींत लिही, पण मला मराठींत वाचून दाखव. पहिल्या दिवशीं 'सत्त्याऐंशी'नें त्याचा घाम काढला. 'सप्त' आणि 'अशीति' अशी मीं फोड करून दिली, तेव्हां शब्द त्याच्या जिभेवर बसला. मग एकाच जातीच्या गाड्या येत गेल्या: ३७७४१९, ३७७४२९, ३७७४३९. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस! वीस, तीस, चाळीस यांना एकेक उणा, हें त्याचें त्यानेंच ओळखलें, आणि लागलीच विचारलें, "आजोबा, मग शंभराला एक कमी, तर एकोणशंभर कां नाहीं म्हणत?" संस्कृतांत 'नवनवति' आणि 'एकोनशत' हीं दोन्ही रूपें साधतात, मराठीनें पहिलें घेतलें आणि त्याचें 'नव्याण्णव' झालें, असें मीं सांगितलें. परंतु खरें सांगतों, इतक्या वर्षांच्या अध्यापनांत हा प्रश्न मला एकाहि विद्यार्थ्यानें विचारला नव्हता. त्यानंतर गाडी येईपर्यंतच्या वेळांत आमचें बोलणें मराठींतच होऊं लागलें, आणि एके दिवशीं घरीं परततांना श्लोकाची मागणी त्यानें आपण होऊन केली.

ज्यांचीं नातवंडें परदेशीं वाढत आहेत, अशीं घरें आतां आपल्यांत थोडीं नाहींत. मुलांस आपली भाषा येत नाहीं, म्हणून वडील माणसें हळहळतात, आणि पुस्तकें पाठवितात. माझें त्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, मूल जेथें आनंदानें उभें असतें, तेथें आधीं आपण जाऊन उभें राहावें. स्टेशनावर जाणें झाल्यास तेथील नियम पाळावेत: आल्याची वर्दी नोकरांस द्यावी, पिवळ्या रेषेच्या आंत राहावें, आणि छायाचित्र घेतांना दिवा चमकवूं नये. बाकीचें मूल शिकवील.

आतां दर रविवारीं नातवाचा दूरध्वनि येतो. आठवड्यांत दिसलेल्या गाड्यांचे क्रमांक तो मराठींत वाचतो आणि मी येथें माझ्या वहींत उतरून घेतों. चुकला, तर सूनबाई मागून सुधारतात.