कमान आणि कंबर

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजात साठ-पासष्ट वर्षांपूर्वी जन्मलेल्या माणसाने चाकाचा बहुतेक सगळा इतिहास अंगावर काढला आहे. लहानपणी लोखंडी धावेची बैलगाडी, कॉलेजच्या दिवसांत एसटी, पुढे लग्नकार्याला माणसांनी खच्चून भरलेली जीप आणि आता दारात मुलाने घेतलेली मोटार. वाहनं बदलत गेली. खामगावहून परतल्यावर कंबर धरून बसणं मात्र काही सुटलं नाही.

याचं मूळ जमिनीत आहे. खामगाव, नांदुरा आणि मोताळा यांच्यामधला हा पट्टा कपाशीच्या काळ्या मातीचा. खामगावची कापूसपेठ नावारूपाला आली ती याच मातीच्या जोरावर. पण जी माती कपाशीला मानवते, ती रस्त्याला मानवत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खाली मुरूम-गिट्टीचा पक्का थर नसला, पाणी काढून देणारी नाली नसली, की वरचं डांबर उचलतं, कडा खचतात आणि सरळ दिसणाऱ्या रस्त्यावरही गाडी हेलकावे खाते. यावर इलाज नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. जून २०२२ मध्ये याच वऱ्हाडात, अमरावती-अकोला महामार्गावर, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला. महामार्गासाठी जे जमतं, त्यातलं थोडं तरी गावरस्त्याच्या वाट्याला यायला हवं.

बैलगाडीला कमान, म्हणजे स्प्रिंग, नव्हती. आख थेट साट्याखाली, त्यामुळे दगडावर चाक चढलं की तो दणका पाठीच्या मणक्यापर्यंत पोचायचा. बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या लेकीला न्यायचं असलं, की घरची माणसं गाडीत कडब्याच्या पेंढ्या पसरत, त्यावर वाकळ घालत आणि बैल हळू हाकत. पुढे हवेच्या टायरांची गाडी आली, तसा बसणाऱ्यांचा त्रास बराच हलका झाला. डनलॉपने हवेचा टायर आणला तो १८८८ मध्ये. रस्ता तोच, बैलही तेच, फक्त चाकात हवा आली आणि तेवढ्याने फरक पडला. आजच्या मोटारीलाही हे तितकंच लागू आहे.

पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ रोजी, पुण्याहून अहमदनगरला. बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात आला १९५६ मध्ये, त्यामुळे इकडची एसटीची गोष्ट थोडी उशिरा सुरू होते. त्या गाड्यांच्या खाली पोलादी पाट्यांची जाड कमान असे. शेवटच्या बाकावरचा माणूस छताला टेकेपर्यंत का उडतो, याचं उत्तर साधं आहे. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे लांब बाहेर असतो, म्हणून चाकाला बसलेला धक्का तिथे वाढून पोचतो.

मग जीपचा जमाना आला. महिंद्राच्या कमांडरसारख्या गाड्यांना पुढे-मागे पाटेच असत, आणि तेही माणसं-माल मिळून भरपूर ओझं पेलतील असे कडक. म्हणून भरलेली जीप सुखाने चाले आणि परतताना रिकामी झाली की आदळे. स्प्रिंग तीच, वरचं वजन कमी, मग हेलकावा तोकडा आणि झटक्याचा होतो. जुन्या मिस्त्र्यांकडे यावर एक चांगला उपाय होता. यू-बोल्ट खोलून पाट्यांचा गठ्ठा उतरवायचा, चिखलाने आणि गंजाने एकमेकांना चिकटलेले पाटे सुटे करायचे, तारेच्या ब्रशने घासायचे, मधे ग्राफाइट ग्रीस लावायचं, झिजलेले बुश बदलायचे आणि पुन्हा आवळायचं. पाटे एकमेकांवरून सरकायला लागले, की तीच कमान पुन्हा लवायला लागे. काही जण मधला एखादा पाटाच काढून टाकत. गाडी मऊ होई खरी, पण ओझं भरलं की मुख्य पाटा तुटण्याची धास्ती असे. हे करू नये.

पहिली एसटी धावली त्याच १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएन कंपनीची टू-सीव्ही ही मोटार लोकांसमोर आली. ती आखताना कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांझे यांची अट होती, की अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी गेली तरी अंडं फुटता कामा नये. शेतकऱ्याला समोर ठेवून मोटार बनवली, तर ती किती वेगळी होते, हे तिथे दिसलं.

आता दारातल्या मोटारीचं. ती कडक लागते म्हणून लगेच स्प्रिंगकडे बोट दाखवू नये. आधी हवा बघावी. ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेल्या कागदावर आकडे असतात, बहुतेकदा कमी माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा. टायर थंड असताना त्याप्रमाणे हवा भरली, तर अर्धी तक्रार तिथेच मिटते. जिथे ३० पौंड हवेत, तिथे ४० भरून गाडीला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानंतर टायरची जाडी. १८५/६५ मापाच्या टायरची बाजू सुमारे १२० मिलिमीटर उंच, तर २०५/४५ ची जेमतेम ९२. दिसायला ऐटबाज म्हणून मोठी अलॉय चाकं घालणारा माणूस रस्ता आणि कंबर यांच्यामधली हवाच कमी करतो.

मग लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअपची वरची रबरं. ही झिजली की गाडी खडखडते आणि कडक वाटते. शॉकअपमधलं तेल गळलं असेल, तर जोडी बदलावी, एकच नाही. स्प्रिंग कापून गाडी खाली घेतली की ती मऊ होते, हा मोठा गैरसमज. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगमधले दोन कापले, तर ती एक-तृतीयांशाने जास्त कडक होते. वेढ्यांमध्ये घालायचे रबरी ठोकळे गाडी उंच ठेवतात, पण स्प्रिंगची लवच अडवतात. तारेची जाडी दहा टक्क्यांनी वाढली, तर कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो, म्हणून ‘थोडी जाड’ स्प्रिंग थोडी कडक नसते.

मऊपणालाही मर्यादा हवी. बुलढाण्याकडे जाताना बोथा घाटात फार सैल गाडी वळणावर कलते. समृद्धी महामार्गावर मेहकर किंवा सिंदखेड राजाजवळ चढून १२० च्या वेगाने जायचं असेल, तर हवा कमी ठेवणं जिवावर बेतू शकतं, कारण टायर तापतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. म्हणून कंपनीच्या मापाचेच सुटे भाग वापरावेत.

आणि नवी मोटार घ्यायची असेल, तर शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारून पैसे भरू नका. गाडी आपल्या गावच्या रस्त्यावर आणायला सांगा, मागच्या सीटवर आईला बसवा आणि तिला विचारा.