कॉट्सवोल्ड्समधले नंदी

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली जुनी जमीनदारी घरे आतून कितीही वेगळी असली तरी बाहेरून एकाच गोतातली वाटतात. ग्लॉस्टरशायरमधले, मोरटन-इन-मार्शजवळचे सीझिनकोट मात्र या गोतात बसत नाही. झाडीतून आधी दिसतो तो मोगली घाटाचा, हिरवा पडलेला तांब्याचा घुमट. मग छत्र्या, रुंद छज्जा आणि मोरपिसारी कमानींच्या खिडक्या.

पैसा अर्थातच ईस्ट इंडिया कंपनीतला. बंगालमधून परतलेल्या जॉन कॉकरेलने १७९५ मध्ये ही मिळकत घेतली आणि तो १७९८ मध्ये वारला. ती आली भाऊ चार्ल्सकडे. तोही कंपनीच्याच चाकरीतला. तिसरा भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल वास्तुरचनाकार होता, त्यामुळे आर्किटेक्ट शोधायला घराबाहेर जावे लागले नाही. १८०५ च्या सुमारास घराने हे रूप घेतले. गंमत म्हणजे सॅम्युएलने भारतात कधी पाऊल ठेवले नव्हते.

ती उणीव थॉमस डॅनियलने भरून काढली. पुतण्या विल्यमसह हा चित्रकार कितीतरी वर्षे भारतभर हिंडला. १७९३ मध्ये दोघे मुंबईला आले आणि घारापुरीची लेणी पाहून गेले. सीझिनकोटच्या बागेतली देवळे-पूल त्याच्याच कल्पनेतले. म्हणूनच माझ्या मते बाग घराहून सरस आहे. घराच्या अंगावर भारत नुसता पांघरलेला आहे. दार उघडून आत गेले की सगळा थाट अस्सल इंग्रजी.

बागेत उतारावर सर्वांत वर सूर्याचे छोटे देऊळ आणि कुंड. तिथून निघालेला ओढा झाडीतून उतरत पुलाखाली येतो. पुलाचे जाडजूड खांब घारापुरीवरून घेतलेले. वर कठड्यांवर चार नंदी. देवासमोर बसायचे सोडून ते इथे येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसलेत. पुलावरून नुसते पुढे जाऊ नये. खाली उतरावे. पाण्यात पाय ठेवण्यापुरते दगड टाकलेले आहेत. त्यांवरून खांबांमधून पलीकडे जाता येते. ओढ्यालगतची ओल धरून वाढणारी आयरिस आणि होस्टाची पाने बघत पुढे गेले की आणखी एका तळ्यात तीन फण्यांचा नाग भेटतो. घुमट मशिदीचा, खांब लेण्यातले आणि नंदी शंकराचा: चित्रांच्या वहीतून निवड करताना असली सरमिसळ कोणाला खटकत नसावी.

१८०७ मध्ये इंग्लंडचा युवराज इथे येऊन गेला. ब्रायटनच्या त्याच्या राजवाड्यावर पुढे घुमट चढले, त्यामागे ही भेट होती असे मानतात.

१९४४ मध्ये घर क्लाइनवर्ट कुटुंबाकडे गेले. ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस या नामवंत बागतज्ज्ञाच्या सल्ल्याने ओढ्याकाठची लागवड नव्याने झाली. दक्षिणेकडचा मोगल वळणाचा पाण्याचा पाट तर १९६० च्या दशकातला. त्याच्या कडेने सरूऐवजी आयरिश यू उभे आहेत. उभट वाढ तशीच, शिवाय हे झाड थंडी सोसते आणि कात्री चालवू तितके आटोक्यात राहते.