भंडाऱ्याची पंगत

जहाजावर जेवायचं कसं, हा प्रश्न आमच्या घराण्यात त्याआधी कुणाला पडला नव्हता. दाभोळ खाडीच्या काठावरच्या आमच्या गावातून तीन पिढ्या माणसं जहाजावर गेली, पण ती कामाला. जे मिळेल ते, जागा मिळेल तिथे बसून खायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये दुबईहून निघणाऱ्या एका प्रवासी जहाजाची सात रात्रींची तिकिटं काढताना समोर आलेल्या फॉर्मने आम्हाला अडवलं. नावं, वयं, पासपोर्ट, आजार, सगळं भरून झालं आणि खाली एक चौकट आली. रात्रीचं जेवण पहिल्या पंगतीला की दुसऱ्या? खाली टीप होती, वरच्या डेकवरचा बुफे सर्वांना खुला आहे.

आम्ही म्हणजे तिघं भावंडं. थोरला दुबईत, मधली मुंब्र्याला, धाकटा चिपळूणला. सहलीचा बेत थोरल्याचा. अब्बांचं वय अठ्ठ्याहत्तर, अम्मीचं एकाहत्तर, आणखी किती वर्षं दोघांना असं एकत्र नेता येईल, या विचारातून निघालेला. अम्मीला जहाज माहीत होतं ते नानांच्या हजमुळे. मुंबईहून हजची जहाजं १९९५ साली बंद झाली, त्याच्या कितीतरी आधी नाना-नानी जहाजाने जिद्द्याला गेले होते. तेव्हा डब्यात भरलेल्या सुक्या भाकऱ्या आणि लोणच्याची बरणी तिला अजून आठवते. "आपण काय काय बांधून न्यायचं?" असं तिने फोनवर विचारलं तेव्हा आम्ही हसलो होतो.

त्या चौकटीवरून तीन शहरांतून चार दिवस फोन चालले. धाकट्याचं म्हणणं, बुफेच बरा. पोरांना जे हवं ते खातील, घड्याळाकडे बघायला नको, पदार्थ डोळ्यांना दिसतो. बहिणीचं म्हणणं, दिसतो म्हणजे काय? एकाच टेबलावर डुकराचं मांस आणि शेजारी कोंबडी, वाढायचा चमचा कुणी कुठून कुठे नेला ते कोण बघणार? पंगतीचं म्हटलं तर आधी कळवून हलाल जेवण मागता येतं, हे कंपनीने लेखी दिलं होतं. शिवाय अब्बांचं इन्सुलिन. टोचल्यावर ताट वेळेवर समोर यायला हवं. जानेवारीत त्या भागात मगरिब सहाच्या सुमारास होते. पहिली पंगत साडेसहाची. नमाज पढून थेट जेवायला जाता येईल, इशाला परत केबिनमध्ये. हिशेब पंगतीच्या बाजूने जमत गेला.

पण खरं कारण थोरल्याने शेवटी सांगितलं. "अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं. एकदा त्यांना पांढऱ्या टेबलक्लॉथवर बसवून कुणीतरी वाढावं." हे ऐकल्यावर पुढे कुणी बोललं नाही. आम्ही पहिली पंगत नोंदवली.

इथे एक कबुली द्यायला हवी. अब्बा १९६८ ते १९९४ मालवाहू जहाजांवर भंडारी होते. भंडारी ही इथे जात नव्हे, हुद्दा. आपल्या वाचकांत खलाशांची घरं पुष्कळ आहेत, त्यांना हे सांगायला नको. पण शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. सारंग, टंडेल, सुखाणी, खलाशी ही डेकवरची उतरंड. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमानांनी ब्रिटिश कंपन्यांच्या काळापासून डेक सांभाळला. सलूनमध्ये, म्हणजे साहेबांच्या जेवणघरात, बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती. आणि आपल्या खलाशांचं जेवण रांधणारा तो भंडारी. त्याची चूल वेगळी, भांडी वेगळी, कारण साहेबांच्या चुलीवर काय शिजेल त्याचा भरवसा नसे.

आम्ही मात्र शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना 'शिपिंग कंपनीत नोकरी' असं लिहायचो. कॉलेजात गेल्यावर ते 'मर्चंट नेव्ही' झालं. लग्नाच्या बोलण्यांत तेच चाललं. खोटं नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पांढरा गणवेश उभा राहायचा आणि आम्ही तो राहू द्यायचो.

जहाजावर चढलो त्या दुपारी केबिन तयार नसल्याने सगळे वरच्या डेकवर बुफेलाच गेले. दाराशी हात धुवायची बेसिनं, पुढे एकामागून एक टेबलं. सॅलड, पाव, पास्ता, कापलेली फळं, केक. पोरं पळाली. पाच मिनिटांनी बघतो तर अब्बा हातात कोरी प्लेट घेऊन दोन टेबलांच्या मध्ये उभे. सुरुवात कुठून करायची हे त्यांना कळेना आणि मागून येणाऱ्यांना वाट देता देता ते मागेच सरकत होते. शेवटी भात, डाळ आणि एक केळं घेऊन आले. खाताना त्यांचं लक्ष पलीकडच्या टेबलाकडे. तिथून उठलेल्या माणसांनी निम्म्या प्लेटा तशाच टाकल्या होत्या आणि एक मुलगा ते सगळं एका प्लेटमध्ये ओढून घेत होता. "इस्राफ," एवढंच अब्बा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रांधणाऱ्याने हे बघू नये."

संध्याकाळी पंगत. अब्बांनी पांढरा कुर्ता-पायजमा आणि काळी टोपी घातली होती. गोल टेबल मोठं, आमच्याबरोबर पुण्याचं एक कुटुंब. वेटर गोव्याचा, त्याच्या हाताखालचा मुलगा इंडोनेशियाचा. त्याने टोपी पाहून सलाम केला आणि हलाल जेवणाची यादी बघून आमची नावं वाचून दाखवली. सगळं आम्हाला हवं होतं तसंच होतं. पण पहिलं सूप आलं आणि अब्बा खुर्चीवरून अर्धे उठले. त्याच्या हातातला ट्रे घ्यायला. बहिणीने त्यांना हाताला धरून बसवलं. सूप संपल्यावर त्यांनी वाट्या एकात एक रचल्या, चमचे एका बाजूला केले, पोरांच्या पुढ्यातला रुमाल घडी केला. थोरला हळूच म्हणाला, "अब्बा, राहू द्या. ते त्यांचं काम आहे." अब्बांनी हात मांडीवर घेतले. पुढचा तासभर ते पाहुण्यासारखे बसले.

तेवढ्यात पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं, "काकांनी आधी जहाजप्रवास केलेला दिसतोय. जहाज हललं तरी पाणी सांडलं नाही." थोरला म्हणाला, "मर्चंट नेव्हीत होते." "वा! कॅप्टन?" आम्ही तिघंही प्लेटीकडे बघत राहिलो. दोन-तीन सेकंदच असतील. मग अब्बांनीच उत्तर दिलं, "नाही साहेब. भंडारी होतो. खलाशांचं जेवण बनवायचो." गृहस्थ मोकळेपणाने म्हणाले, "मग तुम्हाला आवडतंय का इथलं?" अब्बा म्हणाले, "मीठ कमी आहे. पण एवढ्या लोकांचं करायचं म्हणजे कमीच टाकावं." टेबलावर हशा झाला. आम्ही हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी सांगितलं, वरच जाऊ. त्यांना अवघडायला होतंय असं समजून आम्हीही सुटल्यासारखे झालो. दोन दिवस बुफे केला. आणि बुफेची गंमत तेव्हा कळली. आम्ही अकरा माणसं, पण एकदाही अकरा माणसं टेबलावर नसत. एक आणायला गेलेला, दुसरा परत आणायला गेलेला, पोरं आइस्क्रीमच्या रांगेत, सुना त्यांच्यामागे. अब्बा अंडं आणि डाळ-भात खाऊन मोकळे होत आणि जागा राखत बसत. तिसऱ्या रात्री अम्मी म्हणाली, "मी आज चार माणसांबरोबर चार वेळा बिस्मिल्ला केली. सगळ्यांबरोबर एकदाही नाही." घरी आमच्याकडे अजून सणावाराला दस्तरखान पसरतो, एका थाळ्याला चौघं बसतात. पहिला घास सगळे मिळून घेतात. अम्मीला तेवढंच हवं होतं.

त्या रात्री पोरं झोपल्यावर आम्ही तिघं अब्बांबरोबर डेकवर बसलो. वारा गार होता. लांबवर तेलाच्या विहिरींचे दिवे दिसत होते. बहिणीने विचारलं, "पंगतीला तुम्हाला नको का वाटतं?" अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नको वाटत नाही. तुम्हाला नको वाटतं, म्हणून मला अवघड होतं."

मग त्यांनी सांगितलं, जे आम्ही कधी विचारलं नव्हतं. बेचाळीस माणसांचं जेवण. पहाटे चारला चूल. समुद्र खवळला की पातेली दोरीने बांधायची आणि डाळ अर्धी पातेलीच शिजवायची, नाहीतर अंगावर. रमजानात रात्री दोनला उठून सहेरी. जेवण आलं की डेकवर चौघं-चौघं थाळ्याभोवती बसत. दाभोळचा सारंग, बाणकोटचा टंडेल, नवा पोरगा, सगळे एकाच थाळ्यात. "तिथे हुद्दा नव्हता. हात पोचेल तेवढं ज्याचं त्याचं." "आणि तुम्ही?" "मी शेवटी. पातेल्यातच. सव्वीस वर्षांत थाळ्यावर बसलो ते सुट्टीत घरी आल्यावर." ते हे तक्रार म्हणून सांगत नव्हते. "मला वाढायला आलेला तो पोरगा घाईत असला की मला कळतं. आतून आचाऱ्याने ओरडलेलं असतं. म्हणून हात पुढे जातो. तुम्ही मला तिथे बसवून माझं काम पुसायला बघता. पुसायचं कशाला? त्याच्यावरच तुम्ही वाढलात."

थोरल्याने तेव्हा मान खाली घातली. आम्ही दोघांनीही. वयाच्या पन्नाशीला आलेली माणसं आम्ही, आणि फॉर्मवरची ती एक ओळ आठवत होतो.

चौथ्या रात्रीपासून आम्ही परत पंगतीला गेलो. आता अब्बा वाट्या रचत आणि आम्हीही रचू लागलो. इंडोनेशियाचा मुलगा पहिल्यांदा गोंधळला, मग हसायला लागला. अब्बांनी त्याला मोडक्या इंग्रजीत घरचं विचारलं. आठ महिन्यांचं कंत्राट, आठवड्याची सुट्टी नाही, घरी दोन वर्षांची मुलगी. अब्बा म्हणाले, "माझी ही जन्मली तेव्हा मी हॅम्बुर्गला होतो. पाच महिन्यांची झाल्यावर पाहिली." बहिणीला ही तारीख-वेळ माहीत होती, पण ती अशी कुणाला सांगितलेली तिने पहिल्यांदा ऐकली. गोव्याचा वेटर कोकणीत बोलायला लागला आणि पुण्याचे गृहस्थ, अब्बा आणि तो अशी तिघांची मैफल मिठाई येईपर्यंत चाले. शेवटच्या रात्री बक्षिसीची रक्कम माणशी रोजच्या हिशेबाने बिलात आधीच धरलेली होती. अब्बांना ते पटलं नाही. त्यांनी दोघांच्या हातात वेगळे पैसे ठेवले आणि आत आचाऱ्यांनाही सलाम सांगायला सांगितलं.

आम्ही बुफेला नावं ठेवत नाही. ज्याला पथ्य आहे, ज्याला पोरं सांभाळायची आहेत, ज्याला अनोळखी माणसांत बसून खाणं जमत नाही, त्याला तोच बरा. आपल्या लग्नांतही तो आला, कारण जागा कमी, वाढायला माणसं नाहीत, पाहुण्यांना गाड्या गाठायच्या असतात. हे सगळं खरं आहे. पण उभ्याने खाऊन निघून जाणाऱ्याला वाढणारा दिसत नाही, आणि बसून खाणाऱ्याला दिसला तरी तो बघेलच असं नाही, हेही आम्ही त्या आठवड्यात शिकलो. टेबलक्लॉथ पांढरा असला म्हणून नजर आपोआप वर उठत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात बहिणीच्या मुलीचं लग्न गावी झालं. कॅटरिंगवाल्याने विचारलं, "बुफे की बैठक?" बुफेला खर्च कमी येईल हेही सांगितलं. या वेळी फोन फार करावे लागले नाहीत. मांडवात दस्तरखान पसरले. अब्बांना आम्ही पहिल्या पंगतीला बसा म्हणून खूप सांगितलं. ते बसले नाहीत. आचाऱ्याच्या चुलीपाशी खुर्ची टाकून मिठाची चव बघत राहिले. तीन पंगती उठल्या. शेवटच्या पंगतीला आचारी, वाढपी, भांडी घासणारी माणसं, मांडववाले असे थाळ्यांभोवती बसले, तेव्हा अब्बा उठले आणि आचाऱ्याच्या थाळ्यावर चौथे जाऊन बसले.

वाढायला आम्ही तिघं होतो. थोरल्याने डाळीचं पातेलं उचललं. ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. बिस्मिल्ला झाली. अब्बांनी एकदाच मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "डाळ खालून ढवळून वाढ."