एकवीस ठिपके

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा मी नुकता शाळेत जाऊ लागलो होतो. घरात मात्र पुढे कितीतरी वर्षं हिशेब आण्यातच चालायचा. सोळा आणे म्हणजे रुपया, सोळा छटाक म्हणजे शेर. त्यामुळे आमच्या थोरल्या नातीने "आजोबा, कॉम्प्युटरवाले सोळाच्या हिशेबात मोजतात" असं सांगितलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. आपलीच जुनी सवय! फरक इतकाच की नऊनंतर त्यांचे आकडे संपतात, म्हणून दहाला ए, अकराला बी, असं करत पंधराला एफ.

ती सायबर सुरक्षा शिकते. दिवाळीत बदनापूरला आली तेव्हा मी तिला माझी एक जुनी शंका विचारली. आपण मोबाइलवर मराठी वाचतो, ती हवेतून येते कशी? अक्षरं म्हणून येते की चित्र म्हणून? जन्मभर पोरांना काना-मात्रा-वेलांटी शिकवली, तिचं त्या प्रवासात काही उरतं की नाही, हे मला बघायचं होतं.

तिने लॅपटॉपवर पायथॉनचा छोटा सर्व्हर चालू केला. त्यात एकच शब्द असलेली फाइल ठेवली : बदनापूर. माझ्या मोबाइलवरून ती उघडायची आणि लॅपटॉपवर वायरशार्कने येणंजाणं पकडायचं. (हा प्रोग्रॅम जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये 'इथिरियल' नावाने आणला, २००६ मध्ये नाव बदललं. फुकट मिळतो. पण आपल्याच घरच्या वाय-फायवर, आपलंच येणंजाणं बघायला वापरायचा. दुसऱ्याचं पत्र फोडू नये, हे काय वेगळं सांगायचं!)

पकडलेलं पॅकेट उघडलं की खाली आकड्यांच्या ओळी दिसतात, एका ओळीत सोळा बाइट. आधी पत्त्याचा भाग : इथरनेटचे १४ बाइट, मग आयपीचे बहुधा २०, मग टीसीपीचे २० किंवा थोडे जास्त. त्यानंतर मजकूर. उजव्या रकान्यात त्याच बाइटांची अक्षरं दिसतात. इंग्रजी असेल तर सरळ वाचता येतं. आमच्या बदनापूरच्या जागी नुसते ठिपके. मोजले, एकवीस भरले. वरच्या इंग्रजी ओळीतही 'कंटेंट-लेंग्थ २१' असंच होतं.

"आजोबा, त्या रकान्याला फक्त इंग्रजी येतं," नात म्हणाली. मजकुराचा भाग निवडून उजवं बटण दाबलं, कॉपीमध्ये 'हेक्स स्ट्रीम' घेतलं की कच्चे आकडे हातात येतात. बेचाळीस अंक आले. तिथेच ते मराठीत वाचायचीही सोय आहे, पण मी म्हटलं, थांब, वही आण.

पहिले तीन बाइट : ई०, ए४, एसी. एक-एक अंक चार-चार शून्य-एकांत लिहिला : १११०००००, १०१००१००, १०१०११००. पहिल्यातले सुरुवातीचे १११० म्हणजे 'तीन बाइटांचं अक्षर आहे' ही खूण. पुढच्या दोघांचे सुरुवातीचे १० म्हणजे 'मी मागच्याचाच' ही खूण. खुणा काढून उरलेले जोडले : ००००, १००१, ००१०, ११००. म्हणजे ०९२सी. युनिकोडच्या तक्त्यात तिथे बसलाय 'ब'!

मग पुढचे भराभर निघाले. द, न, मग वेगळा काना, प, मग वेगळा दीर्घ ऊकार, र. आपण पाच अक्षरं म्हणतो, यंत्र सात मोजतं. म्हणजे पहिलीतलं पोर जसं मोठ्याने म्हणतं, 'न ला काना ना, प ला दुसरा उकार पू', अगदी तस्संच. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग 'शिक्षक' शब्द घातला. कागदावर पहिली वेलांटी श च्या आधी येते. टाइपरायटरवर, जुन्या फाँटांतही ती आधी मारावी लागे. पॅकेटात मात्र आधी श, मग वेलांटी. कानाला ऐकू येतं तो क्रम. ह्रस्व वेलांटीचे शेवटचे दोन बाइट ए४ बीएफ, दीर्घीचे ए५ ८०. लागून घरं, पण मधे भिंत. ह्रस्व-दीर्घ एकच समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आणि 'ज्ञ' ला स्वतःचं घरच नाही! ज, पायमोड आणि ञ, एकूण नऊ बाइट. आपण 'द्न्य' म्हणतो, पण आत ञ बसलेला आहे हे मी वर्गात फळ्यावर फोड करून सांगायचो, तेच इथे निघालं.

ही घरं आपल्याकडच्याच कामातून आली आहेत. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीची मांडणी घेतली ती १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून. इस्कीत एका खुणेला एकच बाइट पुरायचा. तीन बाइटांची पद्धत, यूटीएफ-८, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये बसवली. मराठी तिप्पट जागा खाते अशी कुरकुर मी ऐकली आहे. एसएमएसमध्ये ते जाणवतं खरं, इंग्रजी १६० अक्षरं जातात तिथे मराठी ७० च. (तिथली पद्धत निराळी, पण तोटा आपलाच.) तरी मला हा सौदा मान्य आहे. एकाच ओळीत मराठी, उर्दू, इंग्रजी सुखाने नांदतात, फाँट पाठवावा लागत नाही.

असो. शेवटी नातीने मराठी विकिपीडिया उघडून त्यावर बदनापूर शोधायला लावलं आणि तेही पकडलं. आता ते बेचाळीस अंक कुठेच नाहीत. एचटीटीपीएस, सगळं कुलूपबंद. पत्ता आणि ४४३ हा दरवाजाचा नंबर उघडा, सुरुवातीच्या पॅकेटात साइटचं नावही उघडं, बाकी गिचमीड.

सौ. स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही बदनापूरबद्दल वाचत होता हे बाहेरच्याला कळलं का?"

"नाही आजी," नात म्हणाली, "आजोबा विकिपीडियावर होते एवढं कळलं. काय वाचत होते ते नाही."