कणीक आणि कण

परवा रात्री पावणेदहाला, सिडकोतल्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या माशांच्या रिकाम्या टाकीत मी एक कण जाताना पाहिला! म्हणजे कण नव्हे, त्याची वाट. केसाएवढी पांढरी रेघ उमटली आणि विरली. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय.

सामान साधंच. वर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवलेलं फेल्ट, खाली काळा पत्रा, त्याखाली उणे ७८ अंशांचा ड्राय आइस (हातमोजे घाला बरं), बाजूनं टॉर्च. वरून उतरणारी वाफ पत्र्याजवळ इतकी गारठते की थेंब व्हायला नुसतं निमित्त हवं असतं. विद्युतभारित कण जाताना मागं आयन सोडतो, त्यांच्यावर थेंब धरतात. पहिल्यांदा नुसतंच धुकं झालं, कडेनं हवा शिरत होती. मग बायकोनं दमाच्या बिर्याणीच्या हंडीला लावतात तशी कणीक लावून दिली. पंधरा मिनिटं काहीच नाही. आणि नववीतली भाची किंचाळली, "मामा, लाइट हलवू नका! गेला, गेला!"

ही युक्ती मुळात सी. टी. आर. विल्सनची. १८९४ साली बेन नेव्हिस डोंगरावर ढगांतली रंगीत वलयं पाहून हा गडी प्रयोगशाळेत ढग करायला बसला आणि १९२७ चं नोबेल घेऊन उठला. त्याच्या पेटीत हवा एकदम प्रसरण पावायची, आमची बर्फाची तऱ्हा नंतरची. अशाच पेटीत १९३२ साली कार्ल अँडरसनला इलेक्ट्रॉनसारखी, पण चुंबकानं उलटी वळवलेली रेघ दिसली. पॉझिट्रॉन! नोबेल मिळालं तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

आमच्या लांब, सरळ रेघा बहुधा म्युऑनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांच्या. ते जन्मतात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, सरासरी जगतात २.२ मायक्रोसेकंद. साध्या हिशेबानं ६६० मीटरांत खेळ खलास. तरी सिडकोपर्यंत पोचतात, कारण इतक्या वेगात त्यांचं घड्याळ आपल्या लेखी मंदावतं. आइन्स्टाइन, आमच्या ओट्यावर! तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो म्हणे. रात्री कितीतरी वेळ मी हाताकडेच बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचा लाल टोकाचा टंगस्टन रॉड आणला, त्यात थोडं किरणोत्सारी थोरियम असतं. दुकानदार म्हणाला, "मशीन कोणतं?" मी म्हटलं, "माशांची टाकी." रॉडभोवती आखूड, जाड रेघांची नुसती दिवाळी. त्या अल्फा कणांच्या.

मग कणांविषयी वाचत सुटलो, तर पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले भेटल्या. हुजूरपागा, एस. पी. कॉलेज, आयआयटी मुंबई, पुढं बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. २०१९ मध्ये पद्मश्री. इलेक्ट्रॉन आणि अँडरसनचा तो पॉझिट्रॉन प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळवले, तर त्यांच्यातून सुटलेले फोटॉनही आपसांत भिडतात आणि कणांचा नको तेवढा कचरा करतात, हे त्यांनी मॅन्युएल ड्रीस यांच्यासह गणितानं दाखवलं. नव्या यंत्रांच्या आखणीत त्याचा विचार करावा लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. म्हणजे इतकी वर्षं त्या पुण्यात नि बंगळुरात होत्या, आणि मला त्यांचं नाव कळलं ते टाकीला कणीक लावल्यावर.

ड्राय आइस आज सकाळपर्यंत उडून गेला. रविवारी परत आणतोय. भाचीनं टाकीत मासे सोडायला सक्त मनाई केली आहे.